घोड्यानं काय केलं होतं

घोड्याच्या पाठीवर हळद होती. प्रबुद्धनं सकाळी शेडचं दार ढकललं, मेन स्विच वर केला, वाळूवरून चालत नेहमीसारखा थेट शेवटाला गेला, आणि बघतो तर सिमेंटच्या ओट्यावर, एकुलत्या एका दिव्याखाली, त्याचा पितळी घोडा पिवळाधमक. चिमूटभर नाही, चांगली ओंजळभर हळद कुणीतरी वरून सोडली होती. कपाळावर कुंकवाचं बोट. पुढच्या पायांशी झेंडूचं फूल आणि थोडी चिल्लर. काल संध्याकाळी कुलूप लावताना तो ह्या टोकापर्यंत आलाच नव्हता, दमला होता, बाहेरच्या बाहेर दिवे मालवून गेला होता. म्हणजे कालच कधीतरी, गर्दीत, त्याच्या नजरेआड हे झालं. त्याला पहिल्यांदा हसू आलं. मग ते हसू अर्ध्यात अडकलं, कारण आज आबा येणार होते. कोरेगावहून, पॅसेंजरनं. रेल्वेत जन्म काढलेला म्हातारा, पास होता त्यांच्याकडं, पण सांगलीला ते आजवर नातवाच्या खोलीवर एकदाही आले नव्हते. आज येणार होते ते नातवाला बघायला नाही. घोडा बघायला येणार होते.

खिशातला रुमाल काढून तो पुसायला लागला. पाठीवरची हळद निघाली, मानेवरची निघाली, पण जिथं करवतीचे दात फिरले होते त्या खाचांमध्ये ती घट्ट बसली होती. रुमालाचं टोक ओलं करून, थुंकी लावून, नखानं, कशानंच निघेना. ह्या घोड्याचं चित्र त्याला डोळे मिटूनसुद्धा काढता आलं असतं. वीतभरही उंची नाही, शेपूट जाडजूड, डावा कान झिजलेला कारण तो चावायचा. त्याच्याआधी त्याचा बाप चावला होता, आत्याही चावली होती. पितळेची ती आंबट चव अजून जिभेच्या मुळाशी होती, कुठं नळाला तोंड लावलं की एकदम वर यायची. आणि घोड्याच्या पाठीवर कुणी नव्हतं. पाठीच्या मधोमध चपटी, खरबरीत जागा होती आणि दोन्ही बरगड्यांवर एक एक पाऊल. इवलंसं, रिकिबीत अडकवलेलं, घोट्यापर्यंतच. वर पाय नाही, अंग नाही, माणूस नाही. लहानपणी त्याला वाटायचं सगळेच घोडे असे असतात, त्यांना बरगडीला पावलं फुटतात. मग मिरजेला टांग्याचा घोडा बघितला आणि त्यानं आबांना विचारलं, ह्याची पावलं कुठायत. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

नंतर, बराच मोठा झाल्यावर, एकदाच आबांनी सांगितलं. धर्म बदलून आले तेव्हा वस्तीतल्या सगळ्यांनी देव्हारे मोकळे केले. टाक, मूर्त्या, परडी, सगळं फडक्यात बांधून नदीवर नेलं. आबांच्या फडक्यात हा होता, घोड्यावर बसलेला खंडोबा, एका साच्यातला, अखंड. तीन वर्षांचा पोरगा, म्हणजे प्रबुद्धचा बाप, मागं रडत आला, घोडा पाहिजे म्हणून. देव नको म्हणत होता पोरगा, घोडा पाहिजे म्हणत होता. बाकीचे म्हणाले, टाक धोंडीबा, पोरगं रडून रडून गप बसंल. आबांनी टाकला नाही. माघारी आले, रेल्वेच्या गँगवरची लोखंड कापायची करवत आणली, अंगणात बसून देव कापला. घोड्याच्या पाठीपासून वर जेवढा होता तेवढा. पावलं घोड्याच्या अंगातच ओतलेली होती, ती राहिली. वरचा तुकडा दुसऱ्या दिवशी नदीत. "देव बुडवायचा हुता," आबा म्हणाले होते, "घोड्यानं काय केलं हुतं?" बास. तेवढंच. परत कधी त्यावर बोलले नाहीत आणि प्रबुद्धनंही विचारलं नाही.

आणि शौनकला त्यानं ह्यातलं काही म्हणजे काहीच सांगितलं नव्हतं. शौनक साताऱ्याचा, बडोद्याला चित्रकला शिकून आलेला, सहा महिन्यांपूर्वी नंबरप्लेट रंगवून घ्यायला प्रबुद्धच्या खोलीवर आला आणि अक्षरं बघून तिथंच बसला. "कुठं शिकलास?" म्हणाला. प्रबुद्ध म्हणाला, कुठंच नाही, दुकानांच्या पाट्या बघून. तेव्हापासून तो शौनकचा उजवा हात. माधवनगरातल्या बंद गिरणीची ही एक शेड शौनकनं मिळवली होती, माग कधीच भंगारात गेलेले, नुसते ओटे उरलेले. इथं त्याला घोडा करायचा होता. म्हणजे घोड्याचं चित्र नाही, पुतळा नाही. माणसानं आत शिरायचं आणि घोड्यातून चालत जायचं. आधी अंधार आणि पायाखाली वाळू. वाळूखाली फळ्या, फळ्यांखाली स्पीकर, त्यातून टापा. कानाला कमी, तळपायाला जास्त. मग पाच पाय ओळीनं, लाखो वर्षांत घोडा कसा घडत गेला ते दाखवणारे, प्रबुद्धनं कागदाच्या लगद्याचे केलेले. पहिला कुत्र्याएवढ्या जनावराचा, चार बोटांचा. मग तीन बोटांचा. मग मधलं बोट लांब होत होत गेलेलं, बाजूची आक्रसत गेलेली. शेवटचा आपल्या घोड्याचा, एकच बोट, त्याचं नख म्हणजे खूर. शौनकनं त्याला पुस्तकात दाखवलं होतं, गेलेली बोटं अगदी जात नाहीत, कातडीखाली नडगीच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडं राहतात, कशालाच न टेकणारी. प्रबुद्ध त्या चित्राकडं बराच वेळ बघत बसला होता. त्याला दोन पावलं आठवली होती. पुढं पोत्यांचा बोळ, त्यात टांगेवाल्यांकडून आणलेले आयाळीचे केस, जुनं चामडं, भिजवलेले हरभरे, वासानं माणूस गुदमरावा असा. आणि सगळ्याच्या शेवटी काय ठेवायचं हे शौनकला सुचत नव्हतं, तोवर त्याला प्रबुद्धच्या खिडकीत कागदांवर वजन म्हणून ठेवलेला हा घोडा दिसला. "कुठला रे?" "लहानपणीचं खेळणं." "वर कोण होतं?" "तुटलंय," प्रबुद्ध म्हणाला. तुटलंय. कापलंय नाही. का म्हणाला असं, ते त्यानं नंतर शंभरदा स्वतःला विचारलं. खरं उत्तर त्याला ठाऊक होतं. कापलंय म्हटलं असतं तर कुणी, का, हे आलं असतं, मग वस्ती आली असती, मग शौनक अगदी चांगला चेहरा करून, जरा जास्तच चांगला चेहरा करून ऐकत बसला असता. तो चेहरा प्रबुद्धला नको होता. त्याला फक्त लगदा, रंग आणि टापा हव्या होत्या.

"पुसतोयस कशाला!" मागून शौनकचा आवाज आला. बरोबर त्याची आई होती, शरयूकाकू, काल उद्घाटनाला साताऱ्याहून आलेल्या. "अरे थांब, थांब. आईनं घातलीय ती."

"रागावलास का रे?" काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात लहानशी डबी होती. "मला राहवलंच नाही बघ. काय तो अंधार, काय ते आवाज, मला तर वाटलं आता पडते. आणि एकदम समोर हा. आमचं पालीच्या खंडोबाचं घराणं. पर्समध्ये भंडारा असतोच. मी पावलं बघितली आणि ओळखलंच. वरची मूर्ती भंगली असली म्हणून काय, पावलं आहेत ना!"

"आणि आई गेल्यावर लाइन लागली," शौनक म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "गिरणीतले जुने कामगार, त्यांच्या बायका. सगळ्यांनी वाकून नमस्कार. अरे, हे मी ठरवून जमलं नसतं! लोकांनी स्वतःहून काम पुढं नेलंय. दुपारी पेपरवाला येतोय फोटोला. पुसू नकोस, प्लीज. मी त्याला सांगितलंय, कोरेगावच्या एका घरातली जुनी खंडोबाची मूर्ती म्हणून."

"तुमच्या घरात होता, म्हणजे तुमचंही कुलदैवत हेच असणार की," काकू म्हणाल्या, अगदी मायेनं. "हो ना रे?"

आणि प्रबुद्धनं मान हलवली. होकारार्थी. त्याला ती हलताना कळली, जशी दुसऱ्याची मान हलावी तशी, आणि तोवर ती हलून झाली होती. काकूंनी डबी उघडली, पुसलेल्या जागी परत चिमूट सोडली. पिवळी धूळ दिव्याच्या झोतात हळूहळू खाली बसत राहिली.

त्यानंतर त्याला एका जागी उभं राहवेना. बाहेर गेला, चहा मागवला, अर्धा टाकला. आत आला, वाळू सारखी केली, नसलेली खोट काढून चौथ्या पायाला रंगाचा हात मारला. तीन दिवस रात्रंदिवस टेप चालवून बघितली होती तेव्हापासून टापा तळपायात शिरल्या होत्या आणि बंद केल्यावरही थांबत नव्हत्या. खोलीवर झोपला तरी टाचा बारीक थरथरायच्या. आताही थरथरत होत्या. आबांनी वस्तीत सगळ्यांना सांगितलं होतं, एसटीडीवरून फोन केला तेव्हा बाप हसत म्हणाला होता, म्हातारं गावभर सांगत सुटलंय, माझा घोडा सांगलीला मांडलाय, माझ्या नातवानं मांडलाय. आणि उद्याच्या पेपरात काय येणार? हळद माखलेला घोडा. कोरेगावच्या घरातला खंडोबा. वस्तीतल्या वाचनालयात पेपर येतो. आबांना वाचता येत नाही पण फोटो दिसतो. चाळीस वर्षं, त्याच्या मनात आलं, चाळीस वर्षं हे जनावर नुसतं जनावर म्हणून आमच्या घरात दुडक्या चालीनं फिरलं, आणि मी त्याला बाहेर काढून एका रात्रीत परत देव केलं. मी नाही केलं. मी मान हलवली. पण मान न हलवता काय म्हणणार होतो? काकू, भंडारा काढा? एवढ्या चांगल्या बाईला? तो पुन्हा शेवटाला गेला. एक म्हातारी ओट्याला कपाळ टेकून पुटपुटत होती. ती जाईपर्यंत तो पोत्यांच्या बोळात हरभऱ्याच्या वासात उभा राहिला. मग घोडा उचलला, हळदीसकट खांद्यावरच्या शबनम पिशवीत टाकला आणि कुणाशी न बोलता माधवनगर स्टेशनकडं चालायला लागला. बॅग मांडीवर आपटत होती. शेपटीचं टोक कापडातून टोचत होतं.

आबा उतरले ते धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी आणि गळ्यात लेकीनं विणलेला मफलर अशा थाटात. गाडी हलली तशी त्यांनी रुळाकडं एक नजर टाकली. "खडी बघ कशी टाकल्याय. आमच्या टायमाला असं केलं असतं तर मुकादमानं कातडं सोललं असतं." मग प्रबुद्धच्या पाठीत थाप. "चल. कुठाय माजा घोडा?"

"आवं आबा, आधी जेवूया की."

"जेवाण पळून चाललंय व्हय? आदी घोडा."

रस्ताभर तो काय काय बोलत राहिला. शेड कशी मिळाली, पाय कसे केले, लगदा कुजू नये म्हणून मोरचूद घातला. घोडा काढून ठेवलाय हे तेवढं निघेना. स्टेशनवरच सांगायचं होतं. मग पुलापाशी. मग गिरणीच्या फाटकात. आबा मध्येच म्हणाले, "तू लय बोलतूयास आज."

आत अंधारात शिरल्यावर आबांनी त्याचा दंड धरला. वाळूत पाय पडला आणि खालून टापा आल्या, मागून, जवळ, अगदी टाचेपाशी. आबा एकदम त्याला खेचून बाजूला झाले, भिंतीला पाठ लावून उभे. "गाडी!" म्हणाले. आणि मग स्वतःच हसले. "तुज्या आयला. पायाला गाडीच वाटली रं." पाच पायांपाशी ते बराच वेळ थांबले. एकेका पायावरून हात फिरवला, जनावर घेताना गुडघा चाचपतात तसा. "ह्येची बोटं गेली कुठं?"

"वापरात न्हाईत म्हणून झडली, आबा. एकाच बोटावर पळतंय घोडं."

"समदी झडली?"

"आत हाडं राहत्यात. बारीक. दिसत न्हाईत वरनं."

आबांनी शेवटच्या पायाची नडगी दोन बोटांत धरली, जणू कागदाच्या आत खरंच काही लागेल. पोत्यांच्या बोळात खोकले. आणि शेवटाला आले.

तिथं गलका होता. रिकामा ओटा, वर दिवा, खाली हळद, घोड्याच्या चार खुरांचे चार कोरे ठिपके हळदीत तसेच. शौनक इकडून तिकडं फिरत होता, पेपरवाला कॅमेरा गळ्यात अडकवून उभा. "चोरीला गेला," शौनक म्हणाला, प्रबुद्धला बघून जवळजवळ धावत आला, "प्रबुद्ध, अरे घोडा गेला! पण हे बघ, हे बघ काय चाललंय." एक नऊवारीतली बाई वाकून रिकाम्या ओट्याला कुंकू लावत होती. तिच्या मागं दोघीतिघी. शरयूकाकू त्यांना डबीतला भंडारा देत होत्या.

आबांनी बाईकडं बघितलं. ओट्याकडं बघितलं. मग ते हसायला लागले, टोपी काढून, खांदे गदगदून, सगळ्या शेडभर. "मोकळ्या जाग्याला रं! मोकळ्या जाग्याला!" कुणालाच काही कळेना. हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि साध्या आवाजात विचारलं, "पण घोडा कुठाय? मी घोडा बघाय आलुया."

आता सगळे प्रबुद्धकडं बघत होते की त्यालाच तसं वाटलं, कुणास ठाऊक. टेप संपून परत सुरू झाली होती, टापा लांबून यायला लागल्या होत्या. त्यानं शबनममध्ये हात घातला. घोडा गरम झाला होता, अंगाला लागून लागून. बाहेर काढला तेव्हा आबांचा चेहरा त्यानं बघितला नाही, हळदीनं भरलेल्या खाचाच बघत राहिला. "मीच काढला हुता," तो म्हणाला. "तुमी बघू नये म्हणून."

"ह्यास्नी सांगितलं न्हाईस व्हय, कशाचा घोडा ते?"

"न्हाई."

"का रं?"

खरं उत्तर होतं, पण ते आबांना द्यायचं नव्हतं. तो काकूंकडं वळला. काकूंच्या बोटांत चिमूट तशीच होती. "काकू," तो म्हणाला, आणि आवाज एवढा मोठा निघेल असं त्याला वाटलं नव्हतं, "देव नाही हा. देव आमच्या आबांनी नदीत सोडला. छप्पन साली, धर्म बदलला तेव्हा. माझे वडील घोड्यासाठी रडत होते म्हणून एवढा घोडा ठेवला. खेळणं आहे हे. आणि शौनकदा, तुटलेलं नाही. कापलेलं आहे. सकाळी मान हलवली ती खोटी हलवली मी."

प्रबुद्धनं शौनककडं बघितलं. तो चांगला चेहरा आला नाही. नुसता शौनकचा चेहरा होता, घामेजलेला, लाजल्यासारखा. काकू आपल्या पिवळ्या बोटांकडं बघत होत्या. "कापला?" त्या हळू म्हणाल्या. "देव?"

"बाय, तुमी भिऊ नगा," आबा म्हणाले. "लय वर्सं झाली. आमाला काय बी झालं न्हाई. पोरंबाळं धडधाकट हायती." त्यांनी प्रबुद्धच्या हातातून घोडा घेतला, दिव्याखाली धरला. अंगठा थुंकीनं ओला करून खाचेवरून फिरवला, एकदा, दोनदा. पिवळं निघालं नाही. त्यांनी परत घासलं नाही. "आत गेलंय," एवढंच म्हणाले, कुणाला असं नाही.

मग ते ओट्याकडं गेले नाहीत. धोतर सावरून, एक हात भिंतीला लावून, हळूहळू गुडघ्यावर बसले. वाळूत. घोडा खाली ठेवला, पाठीवर मूठ धरली आणि ढकलला. तोंडानं टबडक, टबडक. पहिल्यांदा बारीक. मग वाळूखालच्या टापा जवळ आल्या तशी त्यांची मूठ त्या टापांवर पडायला लागली, आणि तोंडातला आवाज वाढला, टबडक टबडक टबडक, आणि घोडा नऊवारीतल्या बाईच्या पायाशेजारून वळला, शौनकच्या बुटाला वळसा घालून निघाला. बाई पटकन मागं सरकली आणि खुदकन हसली. पेपरवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच धरून राहिला. वाळूवर बारीक ठशांची नागमोडी वाट उमटत गेली. प्रबुद्धला ती जागा आठवली, कोरेगावचं अंगण, सारवलेलं, गार, आणि दमल्यावर आबा काय म्हणायचे ते त्याला आबांच्या आधी ऐकू आलं.

आबा थांबले. धाप लागली होती. त्यांनी घोडा त्याच्यापुढं धरला.

"धर रं. आता तुजी पाळी."

प्रबुद्ध तेवीस वर्षांचा होता. सगळे बघत होते. त्यानं बॅग काढून ठेवली आणि वाळूत गुडघे टेकले. टापा आता तळपायात नव्हत्या, गुडघ्यांतून वर मांडीत येत होत्या. त्यानं घोड्याच्या पाठीवर मूठ धरली आणि ती दोन पावलं तळहाताला टोचली, लहानपणी टोचायची तशीच.